त्याच जागी

समोरच्या गॅलरीत अक्का बसली होती. आधी वाटलं, तिच्यासारखी दुसरी कुणी असेल. या वयाच्या बायका लांबून सारख्याच दिसतात. पण तिनं चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि नाकावर अंगठ्यानं दाबून बसवला. असं करणारी जगात एकच बाई आहे आणि ती माझी थोरली बहीण आहे. सभागृहाची रचनाच अशी आहे की मंत्र्यांच्या मागे, काचेच्या आडोशाला आम्ही अधिकारी बसतो आणि अगदी समोर, वरच्या अंगाला प्रेक्षक. म्हणजे ती मला दिसत होती आणि मी तिला. तिनं ओळख दाखवली नाही. शेजारी तिच्या इमारतीतली माणसं होती: तळमजल्यावरचा चांभार, पहिल्या मजल्यावरची शिकवणीवाली, आणि लहानपणी मला कान धरून गच्चीवरून खाली आणणारा म्हातारा वायरमन, जो अजून जिवंत आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले. लग्नाला आल्यासारखे अवघडून बसलेले. त्यांच्या इमारतीचा प्रश्न आज सभागृहात होता. येणार आहोत असं अक्कानं मला कळवलं नव्हतं, आणि का कळवावं? प्रश्न त्यांचा होता, उत्तर मी लिहिलेलं होतं.

सदस्य प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, असं पेपरात छापून येतं. मंत्री वाचतात हो. लिहितो मी. गृहनिर्माण खात्यात याच कामात माझे केस पिकले. अमुक इमारत धोकादायक झाली आहे, हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. तिथल्या रहिवाशांना शहराबाहेरच्या तात्पुरत्या वसाहतीत हलवणार, हे खरे आहे काय? कार्यवाही सुरू आहे. नवी इमारत झाल्यावर त्यांना त्याच जागी घरे देणार काय? बाब विचाराधीन आहे. नसल्यास, कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. वाचायला सोपं वाटतं, पण त्याला हात बसावा लागतो. मंत्री सभागृहात एकदा नुसतं ‘करू’ म्हणाले, की ते आश्वासन ठरतं, त्याची नोंद होते, आणि आश्वासनांची एक समिती असते ती खात्याच्या मागे लागते. म्हणून वाक्य असं घडवायचं की त्यातून कुणाला काहीही मिळता कामा नये आणि काही मिळालं नाही असं म्हणताही येता कामा नये. आमचे सचिवसाहेब म्हणतात, तुमचं उत्तर म्हणजे ओला साबण, हातात येतं पण धरता येत नाही. याला ते कौतुक समजतात. मीही समजत आलो. गंमत अशी की मी चार वर्षांचा होईपर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो. आई रडायची, वडील डॉक्टर बदलायचे, आणि इमारतीत माझं नाव पडलं मुका. माझ्या वतीनं अक्का बोलायची. याला पाणी पाहिजे, याला झोप आलीय, याला तुमचं बोलणं आवडलेलं नाही. मी नुसतं तिच्याकडे बघायचो आणि तिला कळायचं. पुढे तोंड उघडलं, शाळेत गेलो, परीक्षा दिल्या, साहेब झालो, आणि आता दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालतो. अक्का अजून मला मुक्याच म्हणते. बायकोला ते आवडत नाही.

अक्का राहते ते घर वडिलांना सरकारकडून मिळालं होतं. तिसरा मजला, दोन खोल्या, मागे सामाईक सज्जा. नळाला पाणी यायच्या आधी पाइप खोकायचा, त्या खोकल्यानं सगळी इमारत जागी व्हायची. आमच्या पलंगाच्या बाजूच्या भिंतीला ओल होती. ती दर वर्षी नवा आकार घ्यायची आणि मी तापात पडलो की तिच्याकडे बघत बसायचो, कधी तिच्यात घोडा दिसायचा, कधी कुणाचं तरी मोठं नाक. वडील गेले, आई गेली. अक्कानं लग्न केलं ते त्याच घरात राहून. भावोजीच राहायला आले. त्यावरून इमारतीतल्या बायकांनी बरीच वर्षं तोंडसुख घेतलं, पण अक्काच्या तोंडाला तोंड देणारी कुणी निघाली नाही. मी सरकारी क्वार्टर मिळाल्याबरोबर निघालो. मागे वळून बघितलं नाही असं म्हणणार नाही, बघायचो, पण वर्षातून दोनदा. आता सज्ज्यांना खालून लोखंडी टेकू दिलेत. मागच्या वर्षी शिकवणीवालीच्या खोलीत छताचा पोपडा पडला. मुलं नुकतीच उठून गेली होती म्हणून वाचली. इमारत धोक्याची आहे, यात खोटं काही नाही. ती रिकामी केलीच पाहिजे. आणि भावोजींची किडनी गेलीय. रस्त्यापलीकडे हॉस्पिटल आहे. दिवसाआड अक्का त्यांना तीन मजले उतरवते, रस्ता ओलांडून नेते, मशिनला लावून बाहेरच्या बाकावर बसते आणि संध्याकाळी पुन्हा तीन मजले चढवते. प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवलीय, भावोजींना टेकायला. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही, अगदी पोरंसुद्धा.

खात्यानं प्रत्येक कुटुंबाला एक कागद दिला होता. मी माझी जागा स्वखुशीनं सोडत आहे, खाली सही. अक्का इमारतीच्या कमिटीची प्रमुख. तिनं सगळ्यांचे कागद गोळा केले आणि म्हणाली, परत आणणार असं सरकार जोवर तोंडानं म्हणत नाही तोवर सही नाही. आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी गेलं नाही. खात्यानं नोटिसा लावल्या, पाणी तोडायची भीती घातली, पेपरवाले आले, कुणी हललं नाही. मागे मी गेलो होतो तेव्हा तिनं मला समोर बसवून विचारलं होतं. दोन वर्षं काय, तीन वर्षं कुठंही काढते म्हणाली, हॉस्पिटलजवळ एखादी खोली बघते, यांना पाठीवर घेऊन फिरते. पण परत इथं येणार, हे ठाऊक असलं पाहिजे. माणूस तेवढ्यावर रेटतो. कायमचं तिकडे जाऊन पडायचं असेल तर त्यापेक्षा हे छत डोक्यावर पडलेलं बरं. तू खात्यात आहेस, तू सांग, परत आणणार का? मी म्हणालो, बाब विचाराधीन आहे. सख्ख्या बहिणीला! जिभेला वळणच पडलेलं. ती उठली आणि जेवून जाणार आहेस का, असं विचारलं, जसं आपण वीजबिल द्यायला आलेल्या माणसाला पाणी विचारतो. मी जेवलो नाही. मला राग आला होता. तिचा, माझा, त्या ओल आलेल्या भिंतीचा. तिला काय सांगणार होतो? की आजवर तात्पुरतं म्हणून हलवलेलं कुणीही परत आलेलं नाही? नदीकाठची चाळ अशीच हलवली होती. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे आणि तिचे दोन मजले आमच्याच खात्यानं भाड्यानं घेतलेत. मी तिथं बसतो. खिडकीतून छान वारा येतो. चाळीतली माणसं अजून त्या तात्पुरत्या वसाहतीत आहेत. त्यांच्या पोरांना तिथंच पोरं झाली.

तर आज प्रश्न पुकारला गेला. विचारणारे सदस्य विरोधी बाकावरचे, आधी शाळेत शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून की काय, फार कमी बोलतात. मंत्र्यांनी माझं छापील उत्तर वाचून दाखवलं. आमचे मंत्री तसे स्वभावानं गरीब. खातं नवं, कागदाबाहेर एक शब्द टाकत नाहीत, आणि कागदावर जे असेल ते पोथी वाचावी तसं न अडखळता वाचतात. मास्तर उठले. म्हणाले, मागच्या अधिवेशनातही विचार चालू होता, एवढा विचार करून मंत्री महोदयांचं डोकं दुखत नाही का? हशा झाला. मंत्रीही हसले. मग मास्तर गप्प उभे राहिले, हशा संपेपर्यंत, वर्गात उभे राहत असतील तसे. आणि म्हणाले, “माझा एकच पूरक प्रश्न आहे. ही माणसं परत त्याच जागी येणार का? हो की नाही, एवढंच सांगा.” मंत्र्यांनी पुन्हा विचाराधीन म्हटलं. मास्तर खाली बसेनात. अध्यक्ष म्हणाले, सदस्यांनी सरळ विचारलंय, सरळ उत्तर द्यावं. तेव्हा मंत्र्यांचा हात खुर्चीमागे आला.

त्या हाताची आमच्याकडे रीत आहे. मंत्री मागे वळून बघत नाहीत, ते बरं दिसत नाही. नुसता हात मागे येतो, तळवा वर. मग मी चिठ्ठी लिहायची, साहेबांनी नजर टाकायची, शिपायानं ती तळव्यावर ठेवायची, आणि मंत्र्यांनी वाचायची. अशा वेळचं वाक्य ठरलेलं आहे: नियमांच्या अधीन राहून योग्य तो निर्णय योग्य वेळी घेण्यात येईल. मी ते झोपेतही लिहीन. साहेबांनी कोपरानं खुणावलं, लिहा. मी समोर बघितलं. अक्का पुढे सरकून कठड्यावर हनुवटी टेकून बसली होती. शेजारचा वायरमन तिला काहीतरी विचारत होता, बहुतेक ऐकू आलं नव्हतं त्याला, आणि ती त्याच्याकडे न बघता हातानं थांब म्हणत होती. तिचं लक्ष मंत्र्यांवरही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. तोंडात शब्द नसलेला मी तिच्याकडे बघायचो ना, तसं. मंत्र्यांचा तळवा हवेत तसाच. मी लिहिलं: होय. त्याच जागी. घडी घातली. साहेबांनी उघडून पाहिलं नाही. माझ्या अक्षरावर त्यांचा इतक्या वर्षांचा विश्वास. चिठ्ठी गेली. मंत्र्यांनी ती उलगडली, चष्मा वर केला, आणि जे होतं ते वाचलं. “होय,” म्हणाले, “त्याच जागी.”

मला आनंद झाला. लपवण्यासारखं काय आहे त्यात, झालाच. विरोधी बाकं वाजायला लागली, मग आमच्या बाजूचीही, कारण एकदा वाजायला लागली की कुणी मागे राहत नाही. मास्तर खाली बसले. गॅलरीत हात वाजवायला बंदी असते, त्यामुळे वरची माणसं हात मांडीखाली दाबून बसलेली, आणि शिकवणीवालीचं तोंड एवढं मोठं उघडलेलं. अक्कानं चष्मा काढला होता. मी साहेबांकडे बघितलं नाही. आता बदली होईल, चौकशी लागेल, कदाचित घरी बसावं लागेल. पेन्शनचं काय, बायकोला काय सांगायचं, हेसुद्धा डोक्यात आलं आणि निघून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक सरळ वाक्य लिहिलं होतं आणि ते सरकारच्या तोंडून बाहेर पडलं होतं. मनात म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. नवरदेवासारखा फुगून बसलो होतो मी त्या काचेच्या मागे. पुढचे दोन प्रश्न कशावर झाले ते मला आठवत नाही.

मधल्या सुट्टीत साहेबांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. मी ताठ उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला. म्हणाले, तुमच्यात हे आहे असं वाटलं नव्हतं बुवा. मला आधी कळेना. त्यांचा चेहरा खुललेला होता. अहो, दोन वर्षं आपण डोकं आपटतोय, म्हणाले, एक माणूस घर सोडायला तयार नाही. पोलीस पाठवावे तर दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतात, कोर्टात जावं तर स्थगिती. आणि तुम्ही दोन शब्दांत इमारत रिकामी केलीत. उद्या येऊन सह्या करतील बघा, आपल्या पायानं चालत येऊन. मी म्हणालो, पण साहेब, आश्वासन झालं की ते. समिती विचारेल. ते हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट मायाच होती, त्यानंच मला जास्त लागलं. “आश्वासनांचं पुढे काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं? मुदतवाढीचे मसुदे तर तुम्हीच लिहिता.” मग चहाचा घोट घेऊन आवाज खाली आणत म्हणाले, त्या जागेचं वर दुसरंच ठरलंय, घाई नाही, आधी रिकामी तर होऊ दे.

खरंच, मीच लिहितो. दर अधिवेशनाला. प्रक्रिया प्रगतिपथावर असल्यानं आश्वासनाच्या पूर्ततेसाठी मुदतवाढ मिळावी, ही विनंती. मग पुन्हा मुदतवाढ. मग मंत्री बदलतात, समिती बदलते, विचारणारा सदस्य निवडणुकीत पडतो किंवा मरतो, आणि एक दिवस शेवटचा मसुदा: परिस्थितीत बदल झाल्यानं सदर आश्वासन वगळण्यात यावं. नदीकाठच्या चाळीचं आश्वासन मीच वगळून दिलं होतं, काचेच्या इमारतीतल्या त्या वाऱ्याला बसून. सभागृहात बोललेल्या शब्दाची किंमत काय, हे या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि तरीही तो ‘होय’ ऐकला तेव्हा मी विश्वास ठेवला. मास्तरांनी ठेवला नसेल, ते मुरलेले आहेत. मंत्र्यांना तर आपण काय वाचलं तेही कळलं नसेल. मी ठेवला, कारण अक्षर माझं होतं. दुसऱ्यानं लिहिलेला असता तर त्याच क्षणी ओळखला असता, म्हटलं असतं, चला, यांना उठवायची वेळ झाली वाटतं. नोटिसा, पोलीस, पाणी तोडायची धमकी, कशानं जे झालं नाही ते मी बहिणीच्या प्रेमापोटी करून दिलं. मी कप तसाच खाली ठेवला. साहेब म्हणाले, दमलात, आज लवकर घरी जा.

मी धावतच बाहेर आलो. मोठ्या पायऱ्यांच्या खाली, रस्त्याच्या कडेला ती सगळी बसची वाट बघत उभी होती. आता मात्र हसत होती, एकमेकांना टाळ्या देत होती. चांभारानं कुठून तरी शेंगदाणे आणले होते आणि पुडी सगळ्यांत फिरत होती. अक्कानं मला बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तोंडभरून हसली. आलास का, म्हणाली, वर बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून रागावू नकोस, तुझ्या साहेबासमोर तुला अडचण नको म्हटलं. मी तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं. घाईघाईनं सांगितलं, सह्या करू नका. जागा सोडू नका. कागद आहेत तसेच राहू देत. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. अरे, पण मंत्री म्हणाले ना? एवढ्या लोकांत म्हणाले, आमच्या कानांनी ऐकलं. मी म्हणालो, त्यांना काही माहीत नसतं अक्का, ते नुसते वाचतात.

“मग लिहिलं कुणी?”

एवढाच प्रश्न होता. साबण होताच हातात, इतक्या वर्षांचा. पण मला वाटलं, आता खरं सांगितलं तर निदान हिला कळेल की हे सरकारचं काही नाही, एका माणसाच्या मनात आलं, त्यानं लिहिलं, यापलीकडे त्याला बूड नाही.

“मी लिहिलं,” मी म्हणालो. “ते माझं आहे अक्का. सरकारचं नाही. त्याला काही अर्थ नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला वाटलं, कळलं हिला. तिनं माझ्या गालाला हात लावला, रस्त्यात, सगळ्यांदेखत, आणि मग मान वळवून त्यांना हाक मारली. ऐकलंत का, म्हणाली, ते आमच्या मुक्यानं लिहिलंय. मंत्र्याचा मला भरवसा नव्हता, खुर्ची आज आहे उद्या नाही. पण हा घरचा आहे, हा त्याच घरात वाढलाय, हा कशाला फसवेल? ती सगळी माझ्याभोवती गोळा झाली. वायरमननं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सह्या करू नका, मी सांगतोय, परत आणणार नाहीत. शिकवणीवाली हसली. तुम्हाला असंच बोलावं लागतं, म्हणाली, नोकरीचं असतं, कळतं आम्हाला. चांभारानं ओठावर बोट ठेवून डोळा मिचकावला. मी पुन्हा सांगायला गेलो तर अक्कानं माझा हात दाबला, बस म्हणाली, इथं भिंतींना कान असतात, तुला उगाच त्रास व्हायचा. मग अगदी जवळ येऊन, लहान मुलाला खाऊ कुठं ठेवलाय ते विचारावं तसं तिनं विचारलं, “नव्या इमारतीत लिफ्ट असेल ना रे? यांना जिना होत नाही आता.”

सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. शेंगदाण्याची पुडीसुद्धा थांबली होती. “असेल,” मी म्हणालो.

बस आली. एकमेकांना हात देत सगळी चढली, वायरमनला दोघांनी वर ओढलं. अक्कानं खिडकीजवळची जागा धरली आणि बाहेर वाकून म्हणाली, आज रात्रीच सगळ्यांच्या सह्या घेते, आणि कागद उद्या मी स्वतः तुझ्या टेबलावर आणून देते, मधे दुसऱ्या कुणाच्या हातात पडायला नकोत.